स्थितीनुसार की सवडीनुसार?

‘चालतंय ना, मग राहू दे की.’ तीस-चाळीस वर्षं जुन्या सेसना किंवा पायपर विमानाच्या चाकापाशी उकिडवं बसून एखाद्या बुशबद्दल किंवा ओ-रिंगबद्दल शंका काढली, की पाठीमागून हे वाक्य येतंच. इंजिनाबद्दल असं कोणी म्हणत नाही. इंजिनाचं तेल बदलतात, गाळणी कापून तिच्यात धातूचे कण शोधतात, सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतात, आकडे लिहून ठेवतात. ज्या पायांवर ते विमान उभं असतं त्या लँडिंग गिअरच्या वाट्याला मात्र टायरला मारलेली एक लाथ आणि फडक्याचा एक हात येतो.

हे निव्वळ आळसातून होत असतं, तर लेख लिहायची गरज नव्हती. हँगरमध्ये एकदा आवाज चढवून भागलं असतं. पण या सवयीला आता विद्वत्तेचं पाठबळ मिळालं आहे. जुनी हलकी विमानं बाळगणारे मालक, त्यांची देखभाल करणारे इंजिनिअर, उड्डाण शिकवणारे अनुभवी वैमानिक, यांच्यातली विचारी माणसं सांगतात, की वय पाहून भाग बदलणं अशास्त्रीय आहे. भाग ‘ऑन कंडिशन’, म्हणजे स्थितीनुसार ठेवावा. स्थिती बिघडली की बदलावा. हे मत वजनदार आहे. म्हणून खंडनाआधी ते त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडणं माझं कर्तव्य आहे. न्याय वाचकाने करायचा आहे, आणि त्याच्यापुढे लंगडा पूर्वपक्ष उभा करून जिंकण्यात काय अर्थ?

तर पूर्वपक्ष असा. युनायटेड एअरलाइन्सचे एफ. स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी एक ग्रंथ लिहिला. विमानातले भाग वापराच्या वयानुसार कसे निकामी होतात, याचा त्यांनी छडा लावला होता. निष्कर्ष त्या काळच्या समजुतींना धक्का देणारा होता. तपासलेल्या भागांपैकी ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काहीच फायदा नव्हता. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे ६८ टक्के भाग नवे असताना जास्त बिघडत होते, आणि तो काळ सरला की स्थिरावत होते. म्हणजे ठरलेल्या तारखेला चांगला भाग काढून नवा बसवणारा माणूस सुरक्षितता विकत घेत नाही. तो नव्या भागाची बाळदुखणी आणि बसवणाऱ्याच्या हातच्या चुका विकत घेतो. पूर्वपक्षाचा हा मुख्य खांब.

त्याला चार टेकू आहेत. पहिला: हलक्या विमानाचे पाय साधे आणि गरजेपेक्षा मजबूत असतात, शिकाऊ वैमानिकांचे आदळे चाळीस वर्षं सोसून ते उभे आहेत, हाच त्यांचा दाखला. दुसरा: लँडिंग गिअर मोडल्याने माणसं सहसा मरत नाहीत; पत्रा वाकतो, विमा भरपाई देतो. तिसरा: कायदा तसं सांगत नाही. अमेरिकेत खासगी उड्डाण करणाऱ्या मालकावर उत्पादकाची सेवापत्रकं बंधनकारक नसतात. तिथल्या विमान नियामक संस्थेने, एफएएने, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सक्तीचा आदेश काढला तरच हात बांधले जातात. चौथा टेकू व्यवहाराचा: सेसना १५० चं उत्पादन १९७७ मध्ये थांबलं, १५२ चं १९८५ मध्ये. ज्या विमानाचा जन्मदाताच ते बनवत नाही, त्याचे सुटे भाग हौसेने बदलायचे कुठून आणि कोणत्या पैशाने?

यातला बराच भाग मला मान्य आहे. लँडिंग गिअरचा प्रत्येक भाग ठरावीक वर्षांनी फेकून द्या, असं मी म्हणत नाही. नवा भाग म्हणजे चांगला भाग, हा भ्रम तर मलाही छळतो. ब्रेकचं नवं लायनिंग बसवून ते उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे तापवून-निववून न घेताच विमान सोडलं, तर ते जुन्या झिजलेल्या लायनिंगपेक्षा वाईट धरतं. नव्याच्या पूजेविरुद्ध पूर्वपक्ष लढत असेल, तर त्या लढाईत मी त्याच्या बाजूला आहे.

माझा वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो. ‘स्थितीनुसार’ हा शब्द उच्चारणाऱ्याला स्थिती ठाऊक असते का?

नोलन आणि हीप यांच्याकडेच परत जाऊ. ते आकडे प्रामुख्याने गुंतागुंतीच्या यंत्रसमूहांचे आहेत, ज्यात शेकडो घटक शेकडो कारणांनी बिघडतात आणि म्हणून वयाशी एकच एक नातं जुळत नाही. साध्या, एकजिनसी वस्तूंचा न्याय त्याच ग्रंथात वेगळा आहे. जिथे धातू थकतो, जिथे घासून झीज होते, जिथे वस्तू खर्ची पडण्यासाठीच घडवलेली असते, तिथे वय आणि बिघाड यांचं नातं स्पष्ट दिसतं, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे. टायर हे त्यांचं आवडतं उदाहरण. आता वाचकानेच पाहावं: लँडिंग गिअर म्हणजे टायर, ब्रेकचं लायनिंग, बुश, बोल्ट, रबरी सील आणि वारंवार वाकणारं पोलाद. थकणं, घासणं आणि खर्ची पडणं, याखेरीज त्यात उरतं काय? ८९ टक्क्यांचा दाखला देताना उरलेले ११ टक्के नेमके आपल्या डोळ्यांपुढे आहेत, हे पूर्वपक्ष विसरला. न्यायशास्त्राच्या भाषेत हेतू एकीकडचा आणि साध्य दुसरीकडचं.

दुसरी चूक याहून मोठी. त्या ग्रंथात ‘ऑन कंडिशन’ हे नाव ‘काही करू नका’ या पर्यायाला दिलेलं नाही. ते एका कामाचं नाव आहे. ठरलेल्या अंतराने, ठरलेल्या पद्धतीने, बिघाड होण्याआधीची त्याची चाहूल शोधणं, हे ते काम. चाहूल लागल्यापासून भाग मोडेपर्यंत जितका काळ जातो, त्याहून कमी अंतराने पाहणी झाली पाहिजे. नाहीतर पाहणी निरर्थक. म्हणजे स्थितीनुसार भाग ठेवणाऱ्याने अधिक पाहायचं असतं, अधिक मोजायचं असतं, अधिक लिहायचं असतं. वय पाहून भाग बदलणारा एक वेळ डोळे मिटू शकतो. स्थितीवर ठेवणाऱ्याला ती सवलत नाही.

आपल्याकडे हा मुद्दा विमानांच्या फार आधी सुटलेला आहे. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं: एखादी वस्तू आढळत नाही, त्यावरून ती नाही असं ज्ञान होतं. पण त्यांनी अट घातली, की अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. जिथे वस्तू असती तर दिसलीच असती, तिथेच न दिसणं हा नसण्याचा पुरावा. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. लँडिंग गिअर चांगलं आहे, कारण त्यात दोष दिसला नाही, असं म्हणणाऱ्याला माझा एवढाच प्रश्न आहे: दोष असता तर तुम्ही उभे आहात तिथून तो दिसला असता का?

आता एकेक टेकू पाहू, आणि सर्वांत भक्कम वाटणाऱ्यापासून सुरुवात करू. ऑशकॉशचे स्टीव्ह विटमन हे शर्यतीची विमानं बांधणारे विलक्षण कारागीर. त्यांनी विमानाला स्प्रिंगच्या पोलादाचा सलग पाय दिला. त्यात तेल नाही, सील नाही, सांधा नाही. सेसनाने ती कल्पना घेतली आणि १९४६ च्या १४० पासून कित्येक मॉडेलांना वापरली. १९७१ च्या मॉडेलांपासून १५० आणि १७२ ला चपट्या पट्टीऐवजी नळीच्या आकाराचे पोलादी पाय आले. यांत्रिकीत इतकं देखणं उत्तर क्वचित सापडतं, आणि ते पाहून मला आजही आनंद होतो. पूर्वपक्ष म्हणतो, या पायात बिघडायला आहेच काय?

त्याचं पृष्ठ आहे. विमान टेकतं तेव्हा चाकाकडून वर येणारा जोर पायाला वाकवतो आणि पायाची खालची बाजू ताणली जाते. धातूच्या थकव्याची चीर ताणाच्या बाजूने सुरू होते. म्हणून कारखान्यात त्या खालच्या बाजूवर बारीक छऱ्यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभागाचा पातळ थर आतल्या आत दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि चिरेला वाट मिळत नाही. यालाच शॉट पीनिंग म्हणतात. सेसनाच्या जुन्या विमानांसाठीच्या पूरक तपासणी सूचना या थराची जाडी ०.०१० ते ०.०२० इंच सांगतात. म्हणजे पाव ते अर्धा मिलिमीटर. रंग उडाला, खडा लागला, पाणी शिरलं, आणि गंजाचा खड्डा या थराच्या पार गेला, की थकव्याचा वेग एकदम वाढतो, हेही त्याच सूचनांत आहे. चाळीस वर्षं हा पाय ज्या बळावर उभा आहे, ते बळ नखाच्या जाडीइतकं आहे.

आणि त्या नखाला काय झालंय हे कुठे लपतं? खालच्या बाजूला, जिथे पाहायला पाठीवर झोपावं लागतं. ब्रेकच्या नळीच्या क्लिपांखाली. फेअरिंगच्या आत. ॲक्सलच्या बोल्टांच्या छिद्रांत. आणि चढण्यासाठी पायावर चिकटवलेल्या त्या लहानशा पायरीखाली. चिकटद्रव्याने कुठे धरणं सोडलं, की त्या फटीत पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. एका हँगरमध्ये मी अशी एक पायरी उतरवायला लावली होती. बाहेरून रंग नवाकोरा होता, आदल्याच वर्षी मारलेला. पायरीबरोबर तपकिरी खपल्यांचा एक सबंध तुकडा सुटून आला, आणि खालचं पोलाद बोटाला खडबडीत लागलं. त्या विमानाच्या कागदांत लँडिंग गिअरसमोर वर्षानुवर्षं ‘समाधानकारक’ लिहिलेलं होतं. लिहिणारा खोटं बोलत नव्हता. त्याने जे पाहिलं ते समाधानकारकच होतं.

जुहूच्या खाऱ्या वाऱ्यात उभं राहणारं विमान आणि धुळ्याच्या कोरड्या उन्हात उभं राहणारं विमान, दोन्हींची उड्डाणतासांची नोंद सारखी असली तरी त्यांच्या पायांचं वय सारखं नसतं. तासांचं मीटर आर्द्रता मोजत नाही. पूर्वपक्षाने ‘चाळीस वर्षं टिकलं’ हा दाखला दिला होता. थकवा आणि गंज या दोन्ही गोष्टी साठत जातात. साठत जाणाऱ्या गोष्टीत आजवर टिकणं हा पुढे टिकण्याचा पुरावा कसा होईल? उलट तो खर्चाचा हिशोब आहे.

आता ओलिओ स्ट्रट. पायपर चेरोकीच्या तिन्ही चाकांना आणि सेसना १७२ च्या पुढच्या चाकाला तो असतो. नळीत पिस्टन, खाली लाल रंगाचं खनिज तेल, वर दाबाखालची हवा किंवा नायट्रोजन. हवा वजन तोलते. तेल अरुंद छिद्रातून ढकललं जातं आणि आदळ्याची ऊर्जा गिळतं. ही कामाची वाटणी लक्षात ठेवावी, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. चेरोकीचा मुख्य स्ट्रट उभ्या विमानात सुमारे साडेचार इंच उघडा दिसायला हवा, पुढचा सव्वातीन इंच. वैमानिक उड्डाणाआधी हे अंतर पाहतो. सील झिजली, तेल हळूहळू ओघळलं, स्ट्रट बसला. मग कोणीतरी नायट्रोजनची बाटली आणतो आणि दाब भरतो. पुन्हा साडेचार इंच. चांगला दिसतो.

चांगला आहे का? गेलं होतं तेल, भरला वायू. उंची परत आली, शोषण परत आलं नाही. आता त्या नळीत वायूची गादी मोठी झाली आहे आणि तेलाचा स्तंभ खुजा. जोराने टेकताच पिस्टन पुरेशा विरोधाशिवाय वर धावतो, नळीच्या टोकाला आदळतो, आणि तोच जोर परत फेकतो. विमान उसळतं. शिकणाऱ्या मुलाला वाटतं, आपलं लँडिंग चुकलं. शिक्षकही तेच सांगतो. वाढलेला आदळा जातो पिस्टनला वळू न देणाऱ्या टॉर्क लिंकमध्ये, बुशमध्ये, फायरवॉलच्या जोडणीत. ज्या मापावर ‘स्थिती चांगली’ हा निकाल दिला, ते माप या दोषाला आंधळं आहे. योग्यानुपलब्धीची अट मोडल्याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही. तेलाची पातळी कळण्याचा मार्ग एकच: विमान जॅकवर घ्या, दाब सोडा, आणि पुस्तिकेत दिलेल्या रीतीने तेल भरून पाहा. किती तेल आत गेलं तो आकडा लिहा. दोन तपासण्यांतले दोन आकडे शेजारी ठेवले, की सील केव्हा बदलायची हे सील स्वतःच सांगते. ही खरी ‘स्थिती’.

सेसना १७२ च्या एन मॉडेलच्या पुस्तिकेत पुढच्या स्ट्रटचा दाब ४५ पीएसआय दिला आहे, आणि लागलीच ताकीद आहे: जास्त भरू नका. बसका स्ट्रट दिसला की ‘आणखी थोडा’ दाब मारणाऱ्या हातांना ती ताकीद उद्देशून आहे, असं मला नेहमी वाटतं.

सील रबराची असते, आणि रबराची गणना वेगळी आहे. ते न वापरताही म्हातारं होतं. हे विमानाच्या जगाला इतकं जुनं ठाऊक आहे, की पायपर कबसारख्या विमानांच्या पायांत जी बंजी दोरी असते, तिच्या कापडी आवरणात रंगीत धागे विणलेले असतात, आणि त्या धाग्यांचे रंग दोरी कोणत्या वर्षी आणि वर्षाच्या कोणत्या तिमाहीत बनली ते सांगतात. ज्यांनी ते धागे विणले, त्यांना वय महत्त्वाचं वाटत नव्हतं का? पूर्वपक्षातल्या किती जणांनी आपल्या विमानाच्या दोरीचे रंग कधी वाचले आहेत?

पुढच्या चाकाच्या थरथरीची, म्हणजे शिमीची गोष्ट थोडक्यात सांगतो. धावपट्टीवर ठरावीक वेगाला पुढचं चाक डावी-उजवीकडे पिसाटासारखं फडफडू लागतं आणि पॅनेलवरचे काटे वाचता येत नाहीत. रिवाज असा, की शिमी डॅम्पर बदला. थरथर थांबते, बिल दिलं जातं, विषय मिटतो. पण डॅम्पर हा थरथर दाबणारा भाग आहे. ती जन्मते टॉर्क लिंकच्या झिजलेल्या बुशांत, असंतुलित किंवा लंबगोल टायरमध्ये, चुकीच्या हवेत. खेळ तसाच राहिला, तर नवा डॅम्पर तो खेळ काही महिने झाकतो. इथे पूर्वपक्षाने नव्या भागाविरुद्ध दिलेला युक्तिवाद त्याच्याच गळ्यात येतो. मोडेपर्यंत थांबणारा माणूस शेवटी भाग बदलतोच. फक्त चुकीचा बदलतो, कारण त्याने बाकीच्यांची स्थिती कधी मोजलेली नसते.

ज्यांचे पाय आत ओढले जातात त्या विमानांत हा प्रश्न आणखी उघडा पडतो. पायपरच्या ॲरो, कमँची, सेनेका अशा विमानांत मुख्य पायाला आडवा आधार देणारा साइड ब्रेस एका स्टडवर फिरतो. त्या स्टडला चिरा पडतात म्हणून एफएएने १९९५ मध्ये आदेश काढला आणि ठरावीक उड्डाणतासांनी त्याची पुन्हा पुन्हा तपासणी सक्तीची केली. स्टडचा दांडा बुशच्या आत असतो. विमानाभोवती शंभर प्रदक्षिणा घाला, तो दिसणार नाही. सेसना २१० च्या सुरुवातीच्या मॉडेलांत पायाला फिरवणाऱ्या सॅडल या भागाची कथा तीच: चिरा, आणि १९७६ चा आदेश. सॅडल तुटली की एक पाय बाहेर येतो आणि दुसरा पोटाखाली अर्धवट लोंबकळतो. दोन्ही आदेशांना जन्म देणारे भाग मोडायच्या आदल्या दिवशी ‘चालत’ होते.

‘लँडिंग गिअर मोडल्याने माणसं मरत नाहीत.’ बहुतेक वेळा खरं, आणि त्याबद्दल देवाचे आभार. पण हे वाक्य हिशोब अर्ध्यावर सोडतं. पुढचा पाय दुमडला की फिरतं प्रॉपेलर जमिनीवर आपटतं. मग प्रश्न पायाचा उरत नाही. लायकमिंग इंजिनांसाठी एफएएचा २००४ चा आदेश सांगतो, की प्रॉपेलर असं आपटल्यावर क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाच्या गिअरची तपासणी करायलाच हवी. त्यासाठी इंजिनाचा मागचा भाग उघडावा लागतो. त्या गिअरने दगा दिला तर इंजिन हवेत बंद पडतं. पायाचा दोष इंजिनात जाऊन पोहोचला. आणि हँगरमधल्या माणसाचं काय? दोन अर्ध्यांचं चाक हवा न सोडता उघडणारा, दाब न काढता टॉर्क लिंक सोडणारा मेकॅनिक या ‘निरुपद्रवी’ भागांच्या पुढ्यात बसलेला असतो. त्याला कोणी विचारलं आहे का, हे भाग इजा करतात की नाही?

कायद्याच्या टेकूबद्दल. उत्पादकाचं सेवापत्रक खासगी मालकावर बंधनकारक नाही, हे अमेरिकेपुरतं खरं. पण तोच कायदा पुढे वाचायला हवा. अमेरिकी विमान नियमांतल्या ‘पार्ट ४३’ चं परिशिष्ट ‘अ’ वैमानिक-मालकाला स्वतःच्या हाताने काय करता येईल त्याची यादी देतं: टायर काढणं-बसवणं, बंजी दोरी बदलणं, स्ट्रटमध्ये तेल किंवा हवा भरणं, चाकांची बेअरिंग धुऊन ग्रीस लावणं. यादीच्या आरंभीच लँडिंग गिअरची कामं आहेत. यावरून ‘म्हणजे हे किरकोळ काम’ असा अर्थ काढला जातो. मी उलटा काढतो: ही कामं इतकी वारंवार करायची आहेत, की मालकाने त्यासाठी कोणाची वाट पाहत बसू नये, म्हणून ती त्याच्या हातात दिली. परिशिष्ट ‘ड’ वार्षिक आणि शंभर तासांच्या तपासणीत काय पाहायचं ते सांगतं: स्ट्रटमधल्या तेलाची पातळी, सांध्यांची झीज, थकवा आणि वाक, चाकांच्या चिरा, बेअरिंगची स्थिती. आणि या सगळ्याच्या आधी एक साधी आज्ञा देतं: झाकणं उघडा आणि विमान नीट स्वच्छ करा. तेलाची पातळी पाहायचीच असेल तर दाब सोडावा लागतो. कायदा स्थिती ‘जाणायला’ सांगतो; गृहीत धरायला सांगत नाही. आपल्याकडे तर प्रशिक्षणाची विमानं डीजीसीएने मंजूर केलेल्या देखभाल कार्यक्रमाने बांधलेली असतात. तिथे ‘ऐच्छिक’ या शब्दाला आणखी कमी जागा आहे.

शेवटचा टेकू पैशाचा आणि सुट्या भागांचा, आणि त्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. भाग मिळत नाही तेव्हा काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. ब्रेकमध्ये गाडीचं ब्रेक ऑइल ओततात. ते ग्लायकोलचं, या विमानांची सील खनिज तेलासाठी घडवलेली, आणि थोड्याच काळात ती फुगून मऊ पडते. एक ग्रीस संपलं म्हणून त्यावर दुसरं भरतात. एक मातीच्या आधाराचं, दुसरं लिथियम साबणाचं, आणि दोघं मिळून पातळ होऊन बेअरिंगमधून वाहून जातात. आणि सर्वांत भयंकर म्हणजे, गंजलेला उच्च ताकदीच्या पोलादाचा भाग घासून साध्या प्लेटिंगच्या दुकानात चकचकीत करून आणतात. प्लेटिंगच्या टाकीत पोलाद हायड्रोजन शोषतं. तो बाहेर काढायला भाग लागलीच सुमारे १९० अंश सेल्सिअसवर कित्येक तास भाजावा लागतो. भाजला नाही, तर तो चकचकीत भाग काही तासांनी किंवा काही दिवसांनी, आधी न वाकता, काचेसारखा तडकतो. भोसरीतला प्लेटर आपल्या कामात निष्णात असेल. पण स्कूटरच्या हँडलला त्याने कधी भट्टीत ठेवलेलं नसतं.

पण ही सारी संकटं कोणावर येतात? ज्याला भाग आज, आत्ता, विमान जमिनीवर अडकलेलं असताना हवा असतो त्याच्यावर. ज्याने दोन तपासण्यांपूर्वी बुशचा खेळ मोजून लिहिला आहे, त्याच्या हाती वर्ष-दोन वर्षांचा अवधी असतो. तो अवधी वापरून एफएएची मान्यता असलेल्या दुसऱ्या उत्पादकाचा भाग शोधता येतो. अमेरिकी नियमांत तर मालकाला स्वतःच्या विमानासाठी भाग घडवून घेण्याचीही वाट आहे, मूळ आराखडा, धातू आणि प्रक्रिया यांची शहानिशा करण्याच्या अटीवर. धातू आणि प्रक्रिया: म्हणजे पीनिंग, म्हणजे भाजणं. यांना वेळ लागतो. मोडेपर्यंत थांबणाऱ्याने नेमका वेळच खर्च करून टाकलेला असतो. भाग महाग आहेत म्हणून थांबा, हा सल्ला भाग महाग करणारा आहे.

पूर्वपक्षाचे पुरस्कर्ते माझे शत्रू नाहीत. अनावश्यक उलथापालथीविरुद्ध त्यांनी दिलेला इशारा मी जपून ठेवतो. मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागतो, आणि त्यासाठी एकही नवा भाग विकत घ्यावा लागत नाही. ‘स्थितीनुसार’ लिहिताना स्थिती लिहा. ब्रेकचं लायनिंग ठीक, असं नको. क्लीव्हलँडच्या लायनिंगची किमान जाडी ०.१०० इंच आहे, तुमचं किती भरलं? टॉर्क लिंकचा खेळ किती? स्ट्रटमध्ये किती तेल आत गेलं? बंजीचे धागे कोणत्या रंगाचे?

आणि पुढच्या शंभर तासांच्या तपासणीच्या दिवशी, विमान जॅकवर असतानाच, ती चिकटवलेली पायरी उतरवून पाहा. खाली स्वच्छ, गुळगुळीत पोलाद निघालं, तर लॉगबुकात तसं तारखेनिशी लिहा. त्या विमानाच्या त्या पायापुरता माझा आक्षेप मी त्या दिवशी मागे घेईन.